स्वतःच मांडायचं, स्वतःच मंजूर करायचं

मुंबई महापालिकेचा 2023-24 चा अर्थसंकल्प 52 हजार 619 कोटींचा होता. पुढच्या वर्षीचा 59 हजार 954 कोटींचा, आणि 2025-26 चा 74 हजार 427 कोटींचा. तिन्ही मिळून 1 लाख 87 हजार कोटी रुपये. देशातल्या छोट्या राज्यांना हेवा वाटावा अशी ही रक्कम आयुक्तांच्याच यंत्रणेने मांडली आणि प्रशासकांनी मंजूर केली. प्रशासक म्हणजे निवडून आलेलं सभागृह नसताना त्याच्या जागी सरकारने नेमलेला अधिकारी. दर वर्षी आयुक्त आणि प्रशासक ही एकच व्यक्ती होती.

यात बेकायदेशीर काही नव्हतं. त्या खुर्चीवर बसलेले अधिकारी अप्रामाणिक होते असंही मला म्हणायचं नाही. त्यांतले काही कामाला वाघ होते. त्यांच्या स्वभावाशी मला कर्तव्यच नाही. चांगला माणूस खुर्चीत बसला की कारभार चांगला होतो, ही समजूत आपल्याकडे फार मुरलेली आहे. त्या माणसाला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, चारचौघांत उभं राहून उत्तर द्यावं लागतं का, आणि उत्तर पटलं नाही तर पैसे अडवायची ताकद विचारणाऱ्याच्या हातात आहे का, हे आपण विचारतच नाही. जवळजवळ चार वर्षं महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत तो दिवसही नव्हता आणि ती जागाही नव्हती. 15 जानेवारी 2026 ला 29 महापालिकांसाठी मतदान झालं, सभागृहांची कुलपं निघाली, महापौरपदाच्या रस्सीखेचीच्या बातम्या सुरू झाल्या, आणि मधल्या काळाचा विषय कोणी काढेनासं झालं. तो काढायला हवा.

मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 ला संपली. पुणे, नाशिक, नागपूर, ठाणे त्याच महिन्यात रिकामी झाली. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, वसई-विरार, कोल्हापूर आणि कल्याण-डोंबिवलीत तर 2020 पासूनच प्रशासक होते; म्हणजे अख्खी एक मुदत तिथे नगरसेवकांविना गेली. राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीने घातलेलं कलम 243-यू याबाबत कमालीचं स्पष्ट आहे. मुदत पाच वर्षं, त्याहून एक दिवस जास्त नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद बंधनकारक असल्याचं सांगितलं होतं. घटनेत आहे, निकालात आहे. तरीही झालं ते असं झालं.

कसं झालं, हे थोडक्यात सांगतो, कारण सगळे टप्पे सांगत बसलो तर वाचणारा पान उलटेल. (विलंब पचतो तो असाच. तो इतका किचकट असतो की त्याच्यावर रागावणंसुद्धा जिकिरीचं होतं.) मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणी घालून दिली: स्वतंत्र आयोग, स्थानिक संस्थानिहाय माहिती आणि एकूण आरक्षणाला 50 टक्क्यांची मर्यादा. माहिती गोळा करायला सरकारला वेळ लागला. मार्च 2022 मध्ये विधिमंडळाने प्रभाग रचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेतला, आणि तोही एकमताने. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे सगळे पक्ष त्या दिवशी एका बाजूला होते, हे ज्याने त्याने आपल्या डायरीत लिहून ठेवावं. मे 2022 मध्ये न्यायालयाने निवडणुका जाहीर करा म्हणून बजावलं. जुलैमध्ये ओबीसींची माहिती गोळा करणाऱ्या बांठिया आयोगाचा अहवाल स्वीकारला गेला. मार्ग मोकळा झाला म्हणेपर्यंत ऑगस्टमध्ये नव्या सरकारने प्रभागसंख्याच बदलली. मुंबईचे प्रभाग आधीच्या सरकारने 227 चे 236 केले होते, ते पुन्हा 227 झाले. प्रकरण ‘जैसे थे’च्या आदेशात अडकलं आणि तारखा पडत राहिल्या. 6 मे 2025 ला न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं. तीही मुदत टळली आणि अखेर 31 जानेवारी 2026 ही शेवटची तारीख ठरली.

या काळात राज्यात तीन मुख्यमंत्री झाले. विरोधात असताना पक्षांनी निवडणुका का घेत नाही म्हणून विचारलं, आणि सत्तेत गेल्यावर त्यांनाच प्रशासक सोयीचा वाटला. आयुक्ताची नेमणूक मंत्रालयातून होते, बदलीही तिथूनच. सभागृह नसलेली महापालिका म्हणजे राज्य सरकारचं आणखी एक खातं होतं, एवढा साधा हिशेब यामागे होता. जुलै 2023 मध्ये मुंबई महापालिकेच्या मुख्यालयात उपनगरच्या पालकमंत्र्यांना दालन मिळालं. लोकांच्या तक्रारी ऐकायला बसायचं म्हणून, असं कारण दिलं गेलं. 227 नगरसेवकांचं सभागृह रिकामं आणि त्याच वास्तूत एका मंत्र्याचा दरबार, हे चित्र पाहिल्यावर सत्ता कुठून कुठे गेली हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता सभागृह नसलं म्हणजे नेमकं काय नसतं, ते जरा जवळून पाहू.

स्थायी समितीचं उदाहरण घ्या. महापालिकेचा पैसा खर्च होतो तो या समितीच्या मंजुरीने. बैठकीआधी विषयपत्रिका निघते. ती सदस्यांच्या हातात पडते, त्यांच्याकडून पत्रकारांच्या, आणि पत्रकारांकडून ज्याला त्या कामात रस आहे अशा प्रत्येकाच्या. समजा नालेसफाईचा विषय आहे. ठेकेदाराने अंदाजपत्रकापेक्षा तीस टक्के कमी दर भरलाय. एखादा कसलेला सदस्य विचारतो, इतक्या कमी दरात हा गाळ काढणार की कागदावर काढणार? गेल्या वर्षीच्या वजनकाट्याच्या पावत्या आणा. गाळ टाकला कुठे, त्या जमीनमालकाचं संमतिपत्र दाखवा. अधिकारी फाइल चाळतो, शेजाऱ्याकडे बघतो, पुढच्या बैठकीत माहिती देतो म्हणतो. विषय तहकूब. आठवडाभराने पावत्या येतात, किंवा येत नाहीत. दोन्हींतून कळायचं ते कळतं. तो सदस्य संत असतो असं नाही. कदाचित ठेका आपल्या माणसाला मिळाला नाही म्हणूनच तो चिडलेला असतो. पण त्याच्या चिडण्यातून एक कागद बाहेर येतो, बैठकीच्या इतिवृत्तात नोंद होते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट छापून येते.

प्रशासकाच्या काळात प्रस्ताव तयार होत होते, ठराव क्रमांक पडत होते, मंजुरीही मिळत होती. फक्त टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच खातं बसलेलं होतं. अभियंत्याने प्रस्ताव बनवायचा, त्याच्या वरिष्ठाने पुढे पाठवायचा, आयुक्तांनी शिफारस करायची आणि त्यांनीच प्रशासक या नात्याने ती मान्य करायची. या साखळीत पावत्या मागणारा कोण? मिठी नदीच्या गाळाच्या कामात सुमारे 65 कोटींचं नुकसान झाल्याचा गुन्हा मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मे 2025 मध्ये नोंदवला. त्यातली काही कामं प्रशासक येण्याआधीची आहेत आणि दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. मला त्यातून एवढंच दिसतं की गाळाच्या पावत्यांचा प्रश्न सभागृहात विचारला गेला नाही किंवा तिथे दाबला गेला, तर तो कधी तरी पोलीस ठाण्यात विचारावा लागतो. तोवर पैसे गेलेले असतात.

कायद्यातली दोन कलमं इथे मुद्दाम सांगतो, कारण त्यांत या सगळ्याचं मर्म आहे. मुंबई सोडून बाकी महापालिकांना लागू असलेल्या अधिनियमात कलम 67(3)(क) आहे. महापालिकेच्या वर्तुळात ‘सदुसष्ट तीन क’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. आणीबाणीची वेळ असेल, पूर आला, पूल खचला, साथ पसरली, तर आयुक्ताने मंजुरीची वाट न पाहता तातडीने काम करून घ्यावं. शहाणपणाची तरतूद आहे. पण तिला एक शेपूट आहे: काय केलं, का केलं आणि किती खर्च आला याचा अहवाल आयुक्ताने ताबडतोब स्थायी समितीला आणि महापालिकेला द्यायचा. दुसरं कलम 105. महापालिकेच्या मुख्य लेखापरीक्षकाने दर आठवड्याला हिशेब तपासून स्थायी समितीला अहवाल द्यायचा, असं त्यात म्हटलंय. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं की खर्च करणारा आणि तपासणारा यांच्यात एक भिंत लागते. आता स्थायी समितीच्या जागी आयुक्तच बसवा आणि दोन्ही कलमं पुन्हा वाचा. आणीबाणीत केलेल्या खर्चाचा खुलासा आयुक्ताने स्वतःला द्यायचा. लेखापरीक्षकाने आयुक्ताच्या खर्चावरचे आक्षेप आयुक्तापुढेच ठेवायचे. शब्द एकही बदललेला नाही, आणि कायद्यात काही उरलेलंही नाही.

हा पेच मुंबईने दीडशे वर्षांपूर्वी एकदा सोडवला होता. 1865 च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड हे शहराचे म्युनिसिपल कमिशनर झाले. माणूस धडाडीचा. बाजार बांधला, जो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. गटारं, रस्ते, स्वच्छता यांचा धडाका लावला. त्यांच्यावर देखरेख करायला ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणजे सरकारने नेमलेली प्रतिष्ठित मंडळी होती, पण त्यांना क्रॉफर्डसाहेब आवरले नाहीत. खर्च उत्पन्नाच्या पुढे गेला, शहर कर्जात बुडालं आणि 1871 मध्ये करदाते खवळून उठले. कमिशनरपद काढूनच टाका, अशी मागणी जोरात होती. त्या गदारोळात तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहता उभे राहिले आणि उलटंच बोलले. कारभार एकाच सक्षम अधिकाऱ्याच्या हाती राहू द्या, समिती नेमून रस्ते होत नाहीत. पण त्याच्या डोक्यावर करदात्यांनी निवडलेलं सभागृह बसवा. सभेला ते आवडलं नाही, लोकांनी त्यांची हुर्यो केली. पण 1872 च्या कायद्यात 64 सभासदांची महापालिका आली, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. खर्चावर नजर ठेवायला टाउन कौन्सिल आलं, आणि 1888 च्या कायद्याने त्याचीच स्थायी समिती झाली.

म्हणजे ताकदवान आयुक्त आणि त्याला जाब विचारणारं सभागृह ही जोडी एकाच भांडणातून, एकाच वेळी जन्माला आली. त्यातलं सभागृह काढून घेतलं की उरतो तो 1871 पूर्वीचा क्रॉफर्ड. याच क्रॉफर्डवर पुढे पुण्याला मध्य विभागाचे कमिशनर असताना मामलेदारांकडून पैसे घेतल्याचे आरोप झाले, 1888 मध्ये चौकशी बसली, आणि कबुली देणाऱ्या मामलेदारांच्याच नोकऱ्यांवर गदा आली तेव्हा टिळकांनी त्यांची बाजू लावून धरली. धडाडीच्या अधिकाऱ्यावर लोक फिदा असतात तेव्हा हे प्रकरण जरूर आठवावं.

पुण्याचंही एक उदाहरण आहे. महात्मा फुले 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेचे सभासद होते. तेव्हा सभासद सरकारनेच नेमलेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्च करायचा ठराव आला. 32 सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी विरोध केला; हे पैसे गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणाले. ठराव अर्थातच मंजूर झाला. एका मताने काय फरक पडतो, असं त्या दिवशी कोणी तरी म्हणालंही असेल. पण विरोध करायला सभा होती, म्हणून तो विरोध झाला आणि आज आपल्याला ठाऊक आहे. 2022 नंतरच्या चार वर्षांत आपल्या शहरांत चौक सुशोभीकरण, विद्युत रोषणाई, स्वागताच्या कमानी यांवर जो खर्च झाला, त्याला कोणी ‘नाही’ म्हटल्याची नोंद कुठल्या कागदावर सापडेल?

आता समोरच्या बाजूने काय म्हटलं जातं, ते ऐकून घेऊ. ते खोटं नाही. गेली चार वर्षं बऱ्याच मध्यमवर्गीय घरांत हेच बोललं जायचं: नगरसेवक नाहीत तेच बरं, निदान टक्केवारी तरी वाचते. स्थायी समिती म्हणजे काय, हे महापालिकेच्या आवारात कोणालाही विचारा, तो डोळे मिचकावेल. ऐनवेळचे विषय दाखल करून पाच मिनिटांत कोट्यवधी मंजूर करायचे, विरोधकांनी आधी गोंधळ घालायचा आणि मग चहाला एकत्र बसायचं, हे प्रकार कोणी नाकारत नाही. 2016 मध्ये नवी मुंबईच्या सभागृहाने तिथले आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर मोठ्या बहुमताने अविश्वास ठराव आणला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले ते मुंढेंच्या बाजूने. राज्य सरकारने तो ठराव अमलात येऊ दिला नाही, आणि बहुतेकांना ते योग्यच वाटलं. मलाही वाटलं होतं.

भारताच्या महालेखापरीक्षकांनी मुंबई महापालिकेच्या सुमारे 12 हजार कोटींच्या कामांची तपासणी केली. तो अहवाल मार्च 2023 मध्ये विधिमंडळात आला. 214 कोटींची 20 कामं निविदेशिवाय दिली गेली, 4 हजार 755 कोटींच्या कामांत ठेकेदाराशी करारनामाच झालेला नव्हता, अशी निरीक्षणं त्यात होती. तपासणीचा काळ नोव्हेंबर 2019 ते ऑक्टोबर 2022. म्हणजे यातला मोठा काळ सभागृह भरलेलं होतं, स्थायी समिती बसत होती, आणि तरी हे झालं. चौकशी कोणी लावली आणि का लावली यावर राजकारण झालं, पण करारनामा नसेल तर नसतो, त्याला पक्ष नसतो.

मग सभागृहाचा उपयोग काय, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर असं: टक्केवारी घेणारा नगरसेवक निवडणुकीत पाडता येतो, त्याच्याविरुद्ध दुसरा टक्केवारीवाला उभा राहतो, आणि दोघांच्या भांडणात आपल्याला माहिती मिळते. प्रशासकाच्या काळात व्यवहार स्वच्छ होतो असं मानायला काही आधार नाही. तो फक्त पाहणाऱ्याच्या नजरेआड जातो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांच्या बातम्या या चार वर्षांतही येत होत्या, त्यांत महापालिकांचे अधिकारी होतेच. आणि मुंढे यांच्याबद्दल म्हणाल, तर वर्षभर टिकू न शकणाऱ्या आयुक्ताला वाचवणारं सरकार आणि पुढे त्यांना इकडून तिकडे पाठवत राहणारं सरकार हे वेगवेगळं नसतं. 2018 मध्ये ते नाशिकला गेले आणि नऊ महिन्यांत तिथूनही हलवले गेले. प्रामाणिक अधिकाऱ्याच्या भरवशावर शहर सोडायचं, तर तो किती दिवस राहील हे मंत्रालयच ठरवतं.

दुसरा युक्तिवाद आधुनिक आहे. नगरसेवक कशाला हवा, अॅप आहे की! फोटो काढा, तक्रार टाका, क्रमांक मिळवा. मी ज्या शहरात राहतो तिथल्या अॅपवर आमच्या गल्लीतल्या उखडलेल्या पदपथाची तक्रार टाकली होती. चौथ्या दिवशी संदेश आला: आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. पदपथ होता तसाच होता. पुन्हा तक्रार केली, नवा क्रमांक मिळाला, तीही बंद झाली, या वेळी ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ अशा शेऱ्यासह. कोपऱ्यावर कामाचा फलक होता. कामाचं नाव होतं, ठेकेदाराचं नाव होतं, रक्कमही होती. ‘दोषदायित्व कालावधी’ या शब्दांपुढची जागा मात्र कोरी होती. हा कालावधी म्हणजे काम उखडलं तर ठेकेदाराने पदरचे पैसे घालून ते दुरुस्त करायची मुदत. सगळ्या फलकावर नागरिकाच्या कामाची ही एकच ओळ होती, आणि भरायची राहिली होती तीही तेवढीच. अॅपमध्ये त्याबद्दल विचारायला रकाना नाही. अॅपवर तक्रार घेणारा, सोडवणारा आणि बंद करणारा एकच विभाग असतो. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखले वेळेत मिळू लागले, ते चांगलंच झालं. पण दाखला मिळणं वेगळं आणि पदपथावर दोन वर्षांत दुसऱ्यांदा खर्च का झाला याचं उत्तर मिळणं वेगळं.

आता सभागृहं परत आलीत, म्हणून सगळं आलबेल झालं असं समजायचं कारण नाही. कल्याण-डोंबिवलीसारख्या ठिकाणी कितीतरी उमेदवार बिनविरोध निवडून आले. ज्याला मतदारापुढे हात जोडावेच लागले नाहीत, तो पाच वर्षं कोणाला उत्तर देणार? त्याहून मोठी अडचण रचनेतच आहे. मुंबईत एका प्रभागात एक नगरसेवक. बाकीच्या महापालिकांत एका प्रभागात साधारण चार, जागा अ, ब, क, ड. एवढ्या मोठ्या प्रभागात प्रचार करायचा तर पैसा आणि पक्ष दोन्ही दांडगे लागतात, अपक्ष कार्यकर्ता पहिल्याच फेरीत गळतो. निवडून आल्यावर तर बहार असते. ड्रेनेज तुंबलं म्हणून ‘अ’कडे जावं तर तो म्हणतो, तुमचा भाग ‘क’ बघतो. ‘क’ म्हणतो निधी ‘ब’ने वळवला. श्रेय घ्यायला चौघांचे चार फ्लेक्स लागतात आणि जाब द्यायला एकही सापडत नाही. हे अपघाताने झालेलं नाही. कधी एक, कधी तीन, कधी चार, असे सदस्यसंख्येचे आकडे प्रत्येक सरकारने आपल्या सोयीने बदलले. कोणत्या आकड्याने नागरिकाला आपला प्रतिनिधी नक्की कोण हे कळेल, हा विचार त्यात कुठेच नव्हता. मला विचाराल तर सगळीकडे एक प्रभाग, एक नगरसेवक असावा. त्याने गल्लीबोळातली दादागिरी वाढते हा आक्षेप मला मान्य आहे. पण दादा कोण हे तरी कळतं.

निवडणूक वेळेवर घेणं या देशात अशक्य आहे असंही नाही. केरळमध्ये स्थानिक संस्थांच्या निवडणुका करोनाच्या ऐन साथीत डिसेंबर 2020 मध्ये झाल्या आणि पुढच्या डिसेंबर 2025 मध्ये. तिथे प्रभाग आखणीचं काम राज्य निवडणूक आयुक्तांच्या अध्यक्षतेखालचा आयोग करतो, मंत्रालय नाही. उलट बंगळूरच्या महापालिकेची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपली आणि ते शहर मुंबईहूनही जास्त काळ निवडणुकीवाचून राहिलं. म्हणजे आपण सर्वांत वाईट नाही. एवढं समाधान ज्याला पुरतं त्याने ते मानून घ्यावं.

महाराष्ट्राने मार्च 2022 चा तो एकमताने केलेला बदल मागे घेऊन प्रभाग रचना निवडणूक आयोगाकडे परत द्यायला हवी, कारण सामना खेळणाऱ्यानेच मैदानाच्या रेषा आखायच्या हा प्रकार त्यातून आला आहे. कधी नाइलाजाने प्रशासक नेमावाच लागला, तर आयुक्त आणि प्रशासक एकच नसावेत, आणि त्या काळात नवे दीर्घ मुदतीचे ठेके आणि मोठी कर्जं यांना बंदी असावी. रोजचा कारभार चालवायला एवढे अधिकार पुरतात. हा बदल कोणतं सरकार करेल? मला फारशी आशा नाही. प्रशासकाची चटक लागलेलं सरकार स्वतःहून पथ्य कशाला पाळेल?

नव्या नगरसेवकांकडून मात्र एक मागणी आजच करता येते, आणि तिला कुठलाही नवा कायदा लागत नाही. प्रत्येक महापालिकेत प्रशासकाने घेतलेल्या निर्णयांचे ठराव क्रमांकासह पडून आहेत. मुंबई सोडून बाकी ठिकाणी ‘सदुसष्ट तीन क’खाली किती कामं केली, कोणती आणीबाणी होती, किती खर्च आला, याची यादी स्थायी समितीपुढे आणा, असा लेखी प्रश्न कोणत्याही सदस्याला टाकता येतो. लेखापरीक्षकाचे त्या काळातले आक्षेप आणि वसूलपात्र रकमा मागता येतात. सत्ताधारी तो विचारणार नाहीत, कारण प्रशासक त्यांच्याच सरकारने नेमलेले होते. विरोधकही कदाचित कचरतील, कारण पहिले काही महिने ते स्वतः सत्तेत होते. मग आपण आपल्या प्रभागातल्या चौघांना चार पत्रं पाठवायची, त्यांच्या पोचपावत्या जपून ठेवायच्या, आणि चौघांपैकी कोणी हा प्रश्न सभागृहात दाखल केला ते इतिवृत्तात बघायचं.